दोन माणसांचं कुलूप

प्रिय अनय आणि रेवा,

आज हे लिहायला बसले याचं कारण असं की आपले सुभेदार येत्या सोमवारी कराड सोडून जतच्या पलीकडे, त्यांच्या गावी कायमचे राहायला चालले आहेत. तुम्ही त्यांना दोनदाच भेटलात. दोन्ही वेळा त्यांनी तुम्हाला अनोळखी माणसाला स्वतःचं नाव सांगायचं नाही असं बजावलं होतं, आणि तुम्ही इतके गुणी की त्यांनाही सांगितलं नाहीत. माणूस दूर गेला की त्याच्याविषयीच्या गोष्टी हळूहळू गोड होत जातात आणि मग त्या खऱ्या राहत नाहीत. म्हणून ते अजून रोज सकाळी आपल्या फाटकाशी येत आहेत तोवरच लिहून ठेवते. शिवाय गेल्या चैत्रात त्यांच्या कंप्युटरने आम्हा दोघांना तीन दिवस जे नाचवलं, ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. लिहिताना कळलं तर बरंच आहे.

कुणावरही विश्वास न ठेवणारा असा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका विश्वासाचा माणूसही सापडणार नाही. आपल्या फाटकाला कडी आहे, ती बाहेरूनही निघते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला फाटक स्पष्ट दिसतं. तरी सुभेदार आठ वाजता येऊन बाहेर उभे राहणार. मी त्यांच्याकडे बघते आहे, ते माझ्याकडे बघत आहेत, आणि मी मोठ्याने "कोण आहे?" असं विचारल्याशिवाय ते हलणार नाहीत. विचारलं की म्हणणार, "सुभेदार. एकटा." मग आत येणार. सुरुवातीला मी हसून नुसतंच "या" म्हणायचे, तर एकदा त्यांनी मला उभ्या उभ्या फैलावर घेतलं. "आवं वैनी, आसं न इचारता घेऊ नगा कुनाला. माजं तोंड घालून दुसराच कोन आला तर?" त्यांचं तोंड दुसऱ्या कुणी का घालावं हे मला सुचेना, पण त्या दिवसापासून मी विचारू लागले. एकदा उत्तर आलं, "सुभेदार, आन मेथीची एक जुडी." त्यांच्या हिशेबात खोटं बोलण्यापेक्षा अर्धवट बोलणं जास्त वाईट होतं.

मूळचे ते मेंढपाळ घरातले. वडील आणि चुलते मेंढरं घेऊन दिवाळीनंतर माळ सोडायचे ते थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. सुभेदार मात्र दहावी होऊन फौजेत गेले, आणि तिथे बिनतारी संदेशाच्या खात्यात अठ्ठावीस वर्षं राहिले. त्यामुळे आपण बोलतो ते कुणीतरी ऐकतंय, असं त्यांना कायम वाटतं. एसटीत कंडक्टरने "कुठं?" म्हटलं की ते त्याच्या कानाशी वाकून गावाचं नाव सांगणार, आणि तो कंडक्टर "काय? जत? जत का?" असं साऱ्या गाडीला ऐकवणार. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त त्यांनी पत्रिकेत छापलाच नाही. घरोघर जाऊन एकेकाला कानात सांगितला. दुपारी बारा चाळीसचा मुहूर्त. निम्मे नातेवाईक दोनला पोचले, चारजण दुसऱ्या दिवशी. पंक्तीत सुभेदार समाधानाने म्हणाले, "बघा, गळती झाली न्हाई कुठं."

तुमच्या आजोबांची आणि त्यांची गाठ पडली तीही अशीच. मुलीच्या शिक्षणासाठी सुभेदारांनी आपल्या मागच्या गल्लीत घर घेतलं होतं, आणि आजोबा तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवत होते. एका रविवारी हा उंच, काळासावळा, मिशा कातरलेला माणूस फाटकाबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, त्या मूळ संख्या कवा संपत्यात?" आजोबा म्हणाले, "संपतच नाहीत." सुभेदारांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग आत येतो." त्यानंतर सतरा वर्षं ते येतच राहिले. आजोबा त्यांना गणित सांगायचे, आणि सुभेदार आजोबांच्या विसरलेल्या वस्तू शोधून आणायचे. छत्र्या, चष्मे, एकदा तर वर्गात राहिलेली उजव्या पायाची चप्पल. आजोबांच्या विसरभोळेपणाची आपल्या घरात चेष्टाच व्हायची, मीही करायचे. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तो वाढला होता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते मला "अगं, हे" म्हणायचे आणि मी न बघता हवी ती वस्तू हातात द्यायचे. आपण किती शिस्तीची बायको आहोत याचाच मला त्यात आनंद.

आता त्या कंप्युटरकडे येते. इथून पुढे मी गोंधळलेली आहे, तेव्हा तुम्हीही गोंधळलात तर दोष माझा धरा.

निवृत्तीनंतर लोक बाग करतात. सुभेदारांनी लिनक्स केलं. का, तर त्याच्या आत काय चाललंय ते आपल्याला उघडून बघता येतं म्हणून. पण तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी त्या कंप्युटरच्या पोटात आणखी एक कंप्युटर बसवला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मी म्हटलं, मला जरा समजावून सांगा. ते म्हणाले, "वैनी, ह्यो बाहेरचा कंप्युटर म्हंजे माळरान. कुनी बी यावं, कुनी बी जावं. आमी मेंढरं माळावर बसवताना भवतीनं जाळी लावतो, वाघूर म्हनत्यात तिला. तशी ह्याच्या आत म्या वाघूर लावल्या."

"म्हणजे आतला कंप्युटर कुठे आहे?"

"न्हाईच त्यो."

"मग मेंढरं कुठे आहेत?"

"ती हायत की."

कंप्युटर नाही पण मेंढरं आहेत, हे मी डोक्यात बसवायचा प्रयत्न करत होते, तोवर ते पुढे गेले होते. "आन वाघरीच्या तोंडाला कुत्रं बांधलंय. धन्याची हाक आली तरच वाट देतं. हाक चुकली तर धन्याला बी फाडतं." हे कुत्रं म्हणजे एन्क्रिप्शन. कंप्युटर सुरू होता होताच पासवर्ड विचारतो. तो बरोबर दिला तरच आतलं सगळं वाचता येतं, नाहीतर ती नुसती अक्षरांची खिचडी. आणि ही हाकही एकट्याची नव्हती. फौजेत मोठ्या पेटीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात, हे सुभेदारांच्या हाडात मुरलेलं. पासवर्डचा पहिला अर्धा भाग तुमच्या आजोबांनी टाईप करायचा, तेव्हा सुभेदारांनी भिंतीकडे तोंड करायचं. मग दुसरा अर्धा सुभेदारांनी, तेव्हा आजोबांनी भिंतीकडे. एकाने दुसऱ्याचा अर्धा भाग जन्मात विचारायचा नाही.

एवढ्या बंदोबस्तात ठेवलं काय होतं? मला दोन वर्षं ते माहीत नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी आजोबा दुपारचे सुभेदारांकडे जायचे, मला वाटे पत्ते खेळतात. आजोबा गेल्यावर चौदाव्या दिवशी सुभेदार आले, "सुभेदार, एकटा" म्हणाले, आणि चहाला हात न लावता उभे राहून म्हणाले, "वैनी, सर माज्याकडं हायत. कुलपात."

मी घाबरलेच. मग कळलं की आजोबांनी तुम्हा दोघांसाठी आपल्या आवाजात गोष्टी बोलून ठेवल्या होत्या. लहानपणच्या, कृष्णेच्या पुराच्या, गणिताच्या, माझ्या वडिलांना ते पहिल्यांदा भेटायला गेले त्या दिवसाच्या. मला तेव्हा तो आवाज ऐकवला नसता. मी म्हटलं, "राहू द्या. सवडीने बघू." सुभेदार म्हणाले, "हुकूम." आणि पुढे चौदा महिने ना त्यांनी विषय काढला, ना मी.

चैत्रातल्या एका बुधवारी ते आले आणि मी "कोण आहे?" विचारायच्या आत कडी काढून थेट ओट्यापर्यंत आले. माझ्या हातातलं पातेलं निसटलं. "वैनी," ते म्हणाले, "सर अडकलं."

झालं होतं ते असं. त्यांच्या कंप्युटरचं घड्याळ मागे पडू लागलं, म्हणून त्यांनी आतला बटणासारखा सेल स्वतः बदलला. सेल काढताच बाहेरच्या कंप्युटरच्या मुळातल्या सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या आणि पोटातला कंप्युटर उठेनासा झाला. पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य यायचं. "माजं इंग्लिश फौजेचं. तुमचं पुस्तकातलं. तुमी वाचा," असं म्हणून ते मला घेऊन गेले. मी वाचलं. प्रत्येक शब्द ओळखीचा होता आणि वाक्य अनोळखी. आयुष्यभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलेल्या बाईला इतकं निरक्षर कधी वाटलं नव्हतं. जुन्या सेटिंग कुठे लिहून ठेवल्यात का, असं मी विचारलं. होत्या की. वहीभर होत्या, एका सांकेतिक भाषेत, आणि त्या भाषेची किल्ली सुभेदारांनी नियमाप्रमाणे जाळून टाकली होती.

मी माझी वही उघडली, तारीख घातली, आणि तुमच्या आईला फोन लावला. तिने सांगितल्याप्रमाणे कंप्युटर चालू होताना एक बटण दाबत राहून आम्ही निळ्या पडद्यात शिरलो आणि बंद पडलेली एक परवानगी पुन्हा चालू केली. बाहेरच्या कंप्युटरने पोटात दुसरा बाळगायची ती परवानगी. एवढ्यावर सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं. पण आता नवीनच प्रश्न आला: आतल्या कंप्युटरची जतन केलेली झोप परत उघडता येत नाही, ती टाकून देऊन नव्याने सुरू करू का? हो की नाही?

"हो म्हणा की," मी म्हटलं. सुभेदारांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"न्हाई वैनी. हो म्हनलं की त्ये नव्यानं उठनार. नव्यानं उठलं की हाक मागनार."

"मग द्या हाक."

"माजी आर्धीच हाय."

तेव्हा कुठे मला उमगलं. आजोबा शेवटचे आले त्या शुक्रवारी तो आतला कंप्युटर चालू होता. त्यानंतर सुभेदारांनी तो एकदाही बंद केला नव्हता. वीज जायच्या आधी ते त्याला आहे त्या अवस्थेत झोपवत आणि आली की उठवत. झोपेतून उठताना तो पासवर्ड विचारत नाही. लेकीकडे राहायला जायचं त्यांनी दोनदा टाळलं होतं, ते यासाठी. चौदा महिने त्यांनी त्याला झोपू दिलं होतं, मरू दिलं नव्हतं.

"अहो, मग एवढ्या दिवसांत त्या फाइल बाहेर काढून का नाही ठेवल्या? उघडंच होतं ना?"

"दोगांचं कुलूप. एकट्यानं काडायचं न्हाई." ते खाली बघत म्हणाले. "कॉपी हाय की पर. तीन हायत. पेन ड्राइव्हवर."

"मग!"

"तिन्ही कुलपात."

मी कपाळाला हात लावला. ते हळूच म्हणाले, "फौजेत एक मानूस गेला तर बदली येती, वैनी. हितं कोन येनार?"

तुमच्या आईने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, पासवर्ड नसेल तर जगातला कुठलाही कारागीर हे उघडू शकत नाही, हे कुलूप त्याचसाठी बनवलेलं असतं. म्हणजे आजोबांचा अर्धा शब्द मला सापडला तर त्यांचा आवाज, नाहीतर कायमची खिचडी. मी माऊस हातात घेतला आणि "हो" दाबलं. सुभेदारांनी डोळे मिटून घेतले होते.

पडदा काळा झाला. पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी धावत वर गेली, थबकली, आणि एक ओळ उरली: पासवर्ड द्या. आणि त्यात भर अशी की टाईप केलेलं काहीच दिसत नाही. अक्षर नाही, साधा ठिपकासुद्धा उमटत नाही. आपण काही लिहिलं की नाही हे आपल्यालाच कळू नये, अशी ती सोय. तीनदा चुकलं की तो आपल्याला एका ओसाड जागी नेऊन सोडतो, तिथे नुसती एक खूण लुकलुकत असते आणि काहीही विचारलं तरी अर्थ न लागणारं उत्तर येतं. तिथून परत सगळं बंद करून पहिल्यापासून.

तीन दुपारी आमची कवायत चालली. मी खुर्चीवर बसायचे, सुभेदार भिंतीकडे तोंड करून ताठ उभे राहायचे. मी आजोबांच्या अर्ध्या शब्दाचा अंदाज टाईप करायचे, "झालं" म्हणायचे, उठायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. मग सुभेदार बसून आपला अर्धा टाईप करायचे, तोंडाने "ओंदु, एरडु, मूरु" असं कानडीत मोजत, म्हणजे मला काही कळू नये. त्यांना मी पहिल्याच दुपारी म्हटलं, "सुभेदार, तुमचा अर्धा मला सांगून टाका. उठबस तरी वाचेल. माझे गुडघे बघा."

"न्हाई."

"आत काय अणुबाँब आहे का? एका म्हाताऱ्या मास्तरच्या गप्पा आहेत."

"म्हनूनच," ते भिंतीला म्हणाले.

मी तुमची नावं टाकून बघितली, जन्मतारखा टाकल्या, वर्तुळाच्या त्या न संपणाऱ्या संख्येचे आकडे टाकले. माझं नाव टाकलं, मग माझं माहेरचं नाव. दोन्ही चुकली तेव्हा मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. आजोबांच्या कॉलेजात एक प्राध्यापिका होत्या, त्यांच्या हुशारीचं आजोबांना भारी कौतुक. त्यांचंही नाव मी मान खाली घालून टाकलं, आणि ते चुकलं तेव्हा माझा चेहरा पाहून सुभेदार म्हणाले, "वैनी, चुकलंय. हासताय कशापायी?" प्रत्येक अंदाज मी वहीत लिहून त्याच्यापुढे फुली मारत होते. तिसऱ्या दुपारपर्यंत चार पानं फुल्यांनी भरली होती. "पूर्वी दर वेळी एका दमात उघडायचं का हो?" मी विचारलं. ते म्हणाले, "कवा कवा चुकायचं. सर म्हनायचे, माजंच चुकलं आसंल, परत करू."

तिसऱ्या दुपारी चारच्या सुमाराला मी खुर्चीवर बसले आणि मला काहीच सुचेना. समोर ती ओळ, पाठीमागे सुभेदार, ताठ, मान जराशी पुढे आलेली. यांना सांगावं की संपलं, माझ्याकडे आता एकही शब्द नाही. ते तोंडातून निघेना. ते कान देऊन ऐकत होते, बटणं दाबल्याचा आवाज आला नाही तर विचारतील. म्हणून मी उगीच सहा-सात बटणं दाबली, जमेल तितक्या आवाजात, आणि मग मागचं सगळं खोडायचं बटण बराच वेळ दाबून धरलं. "झालं," म्हटलं. उठले. भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो होता, त्याच्याकडे बघत राहिले. ओंदु, एरडु, मूरु.

नेहमी अर्ध्या मिनिटाने "न्हाई" ऐकू यायचं. या वेळी काहीच ऐकू आलं नाही. मी वळून बघितलं तर काळा पडदा जाऊन निळं आकाश आलं होतं, आणि त्याच्या मधोमध एकच चौकोन होता. त्याखाली लिहिलं होतं: सर.

आधी मला वाटलं, कंप्युटरच बिघडला. मग वाटलं की मी न कळत बरोबर शब्द टाईप केला आणि तो खोडलाच गेला नाही. वहीत काय लिहायचं हे कळेना. पेन हातात धरून मी उभी राहिले. आणि मग, पायऱ्या उतरताना अंधारात शेवटची पायरी अचानक पायाला लागावी तसं लक्षात आलं. मी काहीच टाकलं नव्हतं. सबंध पासवर्ड म्हणजे सुभेदारांचाच अर्धा होता. दोन वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, तुमच्या आजोबांनी त्या खुर्चीवर बसून तेच केलं होतं जे मी आत्ता केलं. आवाज करायचा, खोडायचं, "झालं" म्हणायचं. स्वतःच्या घराचा फोन नंबर ज्यांना आठवेनासा झाला होता त्यांनी एक गुप्त शब्द कुठे सांभाळावा? आणि सतरा वर्षांच्या मित्राला ते सांगावं तरी कसं?

"गावला व्हय सरांचा शब्द?" सुभेदारांनी विचारलं.

"गावला," मी म्हटलं. त्यांचाच शब्द माझ्या तोंडातून गेला.

"काय हुता?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, देवाला ठाऊक. पण त्यांनीच झटकन हात वर केला. "न्हाई. न्हाई. नगा सांगू. म्या इचारायलाच नगं हुतं." आणि ते उठून पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आता कुणी काही टाईप करणार नव्हतं तरी. तिकडूनच म्हणाले, "वैनी, आता सरांच्या जागी तुमी. बदली."

त्यांना कळलं होतं का? मी पुष्कळदा विचार केला आहे आणि मला ठरवता येत नाही. एवढी वर्षं दुसऱ्याच्या खुणा उलगडायचं काम केलेल्या माणसाला अक्षरांची बटणं आणि खोडायचं बटण यांच्या आवाजातला फरक ऐकू येत नसेल? पण कळलं असतं तर चौदा महिने पहारा कशाला दिला असता? विचारावं म्हणून मी चारदा फाटकापर्यंत गेले आणि चारदा मेथीच्या भावावर बोलून परत आले. तुम्हीही विचारू नका. आजोबांचा अर्धा शब्द आता माझ्या ताब्यात आहे असं ते मानतात, आणि मी तो सांभाळते आहे. त्याला जागा अजिबात लागत नाही.

त्या दुपारी आम्ही एकच गोष्ट ऐकली. आधी सुभेदार: "बोला सर. चालू हाय." मग आजोबा, खाकरून, वर्गात बोलायचे तसे. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, अशा नद्या फार थोड्या, असं सांगता सांगता ते अडले. "त्या ह्याच्यावर आम्ही बसायचो, ते, पाण्यात उतरायला असतं..." थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग दुरून, अगदी हळू, सुभेदार: "घाट, सर." "हां, घाट," असं म्हणून आजोबा पुढे निघाले. त्या एका गोष्टीत असं अकरा वेळा झालं. मी मोजलं, कारण मोजत नसते तर मला तिथे बसवलं नसतं.

दोघांच्या संमतीने त्या फाइल आता बाहेर काढल्या आहेत. सुभेदारांनी पाठ करून उभं राहून परवानगी दिली, मी खुर्चीत बसून. तेहेतीस होत्या. त्यातल्या दोन बिघडलेल्या आहेत, उघडत नाहीत. एकीवर अनयचं नाव आहे, एकीवर माझं. बाकीच्या एकतीस नीट ऐकू येतात.

तुमची,
आजी